अठ्ठावीस वजनाचा तोतया

३ ऑगस्ट

आदरणीय काका,

तुम्हाला पत्र लिहिण्याचा आगाऊपणा करते आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. तुमचे आणि बाबांचे बोलणे बंद झाल्याला वर्ष उलटून गेले. मोठ्यांनी मोडलेल्या संबंधात धाकट्यांनी तोंड घालू नये, हे मला शिकवलेले आहे. तुम्हीच शिकवलेले आहे. शिवाय मी किती भित्री, हेही तुम्हाला ठाऊक आहे. घरी पाहुणे आले की मी कपाटामागे पुस्तक घेऊन बसत असे, आणि तुम्ही "वाळवी कुठाय? बाहेर काढा तिला, नाहीतर कपाट संपवेल," असे म्हणून सगळ्यांना हसवत असा. ती वाळवी आता तुमच्याच कपाटापर्यंत येऊन पोचली आहे.

जूनपासून मी तुमच्या जुन्या प्रयोगशाळेत साहाय्यक म्हणून काम करते. योगायोगाने जागा निघाली, अर्ज केला, मिळाली. तुमचे टेबल आणि त्यामागचे लोखंडी कपाट मला दिले आहे. जिन्यातल्या फळ्यावर तुमच्यावरचे कात्रण अजून आहे: 'सख्ख्या भावालाही न सोडणारा शास्त्रज्ञ'. त्याची एक टाचणी पडली होती आणि कोपरा पंख्याच्या वाऱ्याने फडफडत होता. मी ती परत टोचली.

या पत्रांची एकेक प्रत मी ठेवणार आहे. ती कधीतरी शास्त्राशी संबंध नसलेल्या माणसांपुढे वाचली जाईल, म्हणून तुम्हीच मला शिकवलेले तुम्हालाच सांगण्याचा उद्धटपणाही पोटात घाला.

गोठ्यामागच्या विहिरीत नायट्रेट वाढले. शेजारच्या तान्ह्या मुलाचे ओठ निळे पडले आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. मूल वाचले. नायट्रेट कोठून आले, याचे दोन संशयित होते: विहिरीच्या अलीकडे बाबांचा गोठा आणि पलीकडे रासायनिक खताचे गोदाम. नगरपालिकेने तुम्हाला विचारले, कारण वजनावरून मूळ ओळखणारे यंत्र तुमच्याकडे होते. नायट्रोजनचा रेणू अठ्ठावीस वजनाचा असतो. हजारात सात-आठ रेणू एकोणतीस वजनाचे निघतात. शेणामुतातला हलका नायट्रोजन अमोनिया होऊन उडून जातो, गोठ्यात शिरताच डोळ्यांना झोंबतो तोच, आणि जड मागे उरतो. हे तुम्ही मला गोठ्याच्याच दारात उभे राहून सांगितले होते, नाकाला रुमाल लावून. म्हणून शेणाच्या नायट्रेटमध्ये एकोणतीसचे प्रमाण थोडे चढे असते आणि कारखान्याच्या खतात ते हवेइतकेच असते. तुमच्या मापात हवेला शून्य धरतात आणि एकोणतीसचे प्रमाण हवेहून हजारामागे कितीने चढे ते मोजतात; आकडा दहाच्या वर गेला की शेण, चारच्या खाली राहिला की खत. तुम्हाला तेरा मिळाले. तुम्ही 'गोठा' असे लिहून सही केलीत आणि आठवड्याभरात मोठ्या संस्थेत मोठ्या पदावर निघून गेलात.

गोठ्याला कुलूप लागले. जनावरे विकली. बाबा अजूनही पहाटे उठतात आणि रिकाम्या गोठ्याला पाणी मारतात. विचारले तर म्हणतात, "धूळ बसते." शेजारची ती आई आम्हाला पाहिले की मुलाला कडेवर दुसऱ्या बाजूला घेते. तिला दोष देता येत नाही. तिच्या हाती तुमची सही आहे.

आता मुद्दा. कपाट साफ करताना सर्वांत खालच्या फळीवर, फडक्यात गुंडाळलेल्या, बोटभर लांबीच्या दोन बंद नळ्या मला सापडल्या. चिठ्ठी तुमच्या अक्षरातली: 'विहीर, गोठ्यामागची'. तुम्ही प्रत्येक नमुन्याच्या तीन नळ्या करता. एक मोडून मोजलीत, दोन राहिल्या. न वितळणाऱ्या काचेची नळी, आत पाण्यातून काढलेला क्षार, तांबे, तांब्याचा ऑक्साइड आणि भाजलेला चुना, तोंड वितळवून बंद केलेले. ती भट्टीत तापवायची आणि मग भट्टीतच सावकाश निवू द्यायची, म्हणजे आत निव्वळ नायट्रोजन उरतो.

माझा प्रश्न एकच आहे. या नळ्या भट्टीतच निवल्या होत्या का?

उत्तराच्या प्रतीक्षेत,
तुमची पुतणी


२४ ऑगस्ट

आदरणीय काका,

उत्तर आले नाही. टपालाचा दोष असेल, असे मी आठवडाभर स्वतःला सांगितले. मग प्रमुख बाईंकडे जाऊन एक नळी मोडण्याची परवानगी मागितली. तुमच्या जागी आलेल्या या बाई फार बोलत नाहीत आणि बोलल्या तर चष्म्यावरून बोलतात.

"तुझ्या काकांचं काम आहे हे. माहितीये ना?"

"हो बाई."

"आणि तुझ्या वडिलांचा गोठा."

"हो बाई."

"मग तुला सोडून कुणीही हे करावं असं मला वाटतं. पण दुसरं कुणी करणार नाही, तेही मला माहितीये." त्यांनी नळ्या उजेडात धरून पाहिल्या. "मोजताना मी शेजारी बसणार. आणि एक लक्षात ठेव, नळी मोडली की संपली. परत जोडून मिळत नाही."

काल दुपारी मोडली. आकडा आला तेरा, तुमचाच. दशांशाचा किरकोळ फरक. मी तुमच्यावर खोट्या आकड्याचा संशय घेतला होता, तो येथे मागे घेते. तुम्ही आकडा बनवला नव्हता.

पण यंत्रात रेणू वजनावारी झेलणारे तीन कप असतात, काका. अठ्ठावीसचा, एकोणतीसचा आणि तीसचा. मी शाळेत असताना तुम्ही मला यंत्र दाखवायला आणले होते, तेव्हा त्यांची नावे सांगितली होतीत: थोरला, मधला आणि खुळा. "खुळ्याकडे बघायचं नाही. यंत्राच्या तापलेल्या तारेपाशी नायट्रोजन आणि ऑक्सिजन जोडले जातात, त्यांचं वजन तीस भरतं, म्हणून तो कायम काहीतरी बरळत असतो." मी तेव्हा ते वहीत लिहून घेतले होते. तुमचे प्रत्येक वाक्य मी तेव्हा लिहून घेत असे.

काल मी खुळ्याकडे पाहिले. शुद्ध नायट्रोजनच्या सिलिंडरचा वायू सोडला तेव्हा तो नेहमीइतकाच बरळला. विहिरीचा वायू सोडला तेव्हा तो दुपटीहून अधिक ओरडला. यंत्र तेच, तार तीच, तास तोच. म्हणजे ओरडण्याचे कारण यंत्रात नव्हते, नळीत होते.

प्रमुख बाई खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "बारा बघ."

शुद्ध नायट्रोजनचा रेणू फुटला तर चौदा वजनाचे तुकडे होतात. बाराला काही असण्याचे कारणच नाही. बारा म्हणजे कार्बन. मी यंत्र बारावर नेले आणि कागदावर सरळ रेषेऐवजी एक टेकडी उमटली. चव्वेचाळीसवर काही नव्हते, म्हणजे तो कार्बन डायऑक्साइडमधलाही नव्हता. एकच उमेदवार उरतो. कार्बन मोनॉक्साइड: बारा आणि सोळा, अठ्ठावीस. नायट्रोजनच्या वजनाचा, नायट्रोजनच्या रांगेत उभा राहणारा आणि यंत्राला ओळखू न येणारा तोतया. त्याच्यात एकोणतीसचे प्रमाण हजारात अकरा-बारा, नायट्रोजनपेक्षा कितीतरी जास्त. शंभर रेणूंत असा एक जरी घुसला तरी आकडा पाच-सहाने वर चढतो. खताचे शेण व्हायला तेवढे जवळजवळ पुरते.

विहिरीच्या पाण्यात कुजलेला पालापाचोळा क्षाराबरोबर थोडा कार्बन नळीत आणतोच; नळी भट्टीत सावकाश निवली असती तर या तोतयाचा डायऑक्साइड झाला असता आणि चुन्याने तो गिळला असता. गरम नळी बाहेर काढली तर तो जसाच्या तसा आत अडकून राहतो. म्हणून माझा पहिला प्रश्न पुन्हा विचारते आणि त्याला दुसरा जोडते. नळ्या कशा निवल्या? आणि तीसचा आकडा तुमच्या पडद्यावर उमटला होता तेव्हा तुम्ही तो पाहिला होता का?

तुमची पुतणी


११ सप्टेंबर

काका,

तुमचे उत्तर मिळाले. ते येथे उतरवून काढते, म्हणजे प्रतीत राहील:

'चि. वाळवीस, पत्रे पोचली. जुन्या नमुन्यांशी असे खेळ करू नयेत. तीसकडे कोणीच बघत नसते. वडिलांवरची माया आणि मोजमाप यांत अंतर ठेवायला शीक. अभ्यास सोडू नकोस.'

पाच वाक्ये आहेत आणि दोन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर त्यांत नाही. 'कोणीच बघत नसते' हे उत्तर नव्हे. एका माणसाविषयी विचारले असता साऱ्या जगाला पुढे करणे आहे. मी जगाविषयी विचारले नव्हते.

तुम्ही सांगणार नसाल तर दुसऱ्या कुणाला तरी विचारावे लागणार, म्हणून मी काचकामाच्या खोलीत गेले. नळ्यांची तोंडे बंद करणारे मामा अजून तिथेच आहेत. ज्योतीपुढे बसलेल्या माणसाशी बोलताना नजर चुकवता येते, म्हणून मला ते सोपे गेले.

"मामा, विहिरीच्या नळ्या भट्टीतून कुणी काढल्या होत्या?"

"कुठल्या विहिरीच्या?"

"एकच विहीर आहे, मामा."

"मी कुठं काय बघतो? मी तोंडं बंद करणारा माणूस." स्वतःच्याच विनोदावर ते थोडे हसले आणि मी हसत नाही असे पाहून ज्योत लहान केली. "साहेबांना गाडी गाठायची होती. मुलाखत होती ना त्यांची, आणि जाण्याआधी अहवाल टाकायचा होता. चिमट्यानं काढल्या, विटेवर ठेवल्या. टिकटिक वाजत होत्या. मी म्हटलं, साहेब, फुटतील. म्हणाले, कार्बनच्या कधी फुटल्या का?"

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणी विचारलं?"

मग हळूच म्हणाले, "तुझं आणि माझं हे बोलणं झालं नाही हां." मी म्हटले, "झालं, मामा." आयुष्यात मी एवढी उद्धट कधी झाले नव्हते. त्यांनी हातातली नळी खाली ठेवली आणि म्हणाले, "झालं तर झालं. लिहून मात्र नीट लिही. मी त्यांना अडवलं होतं, तेही लिही." लिहिले आहे.

तेव्हा आता मला कळले आहे. तुमचा सगळा जन्म कार्बन मोजण्यात गेला. कार्बनच्या नळ्या तुम्ही अशाच चिमट्याने काढून विटेवर ठेवत आलात आणि त्यांचे काही बिघडले नाही. एका घाईच्या दुपारी नायट्रोजनची नळी तुमच्या हाती आली आणि हाताने नेहमीचेच केले. एवढेच असते, तर मी हे पत्र इतक्या कडवटपणाने लिहिले नसते. हात चुकतो. पण खुळ्याने तुम्हाला सांगितले होते. तो पडद्यावर ओरडत होता, आणि त्याच पडद्यासमोर बसून तुम्ही भावाचे नाव लिहिलेत.

एक गोष्ट मी पहिल्या पत्रात खरी लिहिली नव्हती. ही जागा मला योगायोगाने मिळालेली नाही. मला दुसरीकडे याहून चांगली संधी होती. मी ती सोडली आणि हीच जागा निघण्याची वाट पाहिली. कपाट साफ करायलाही मला कोणी सांगितले नव्हते.

बाबांना मी बाराच्या टेकडीचा कागद दाखवला. ते गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. कागद त्यांनी उलटा धरला होता, मी सरळ करून दिला.

"म्हणजे मी सुटलो?"

"अजून नाही, बाबा. तुमच्यावरचा आकडा चुकीचा होता एवढंच कळलंय. खरा आकडा काय, ते अजून मोजायचंय."

"खरा मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "नोव्हेंबरात सुनावणी आहे. परवाना कायमचा काढून घ्यायचा की द्यायचा. तिथं मला एक शब्द पाहिजे. निर्दोष. तेवढा आण." मग कागद परत देत: "त्याला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"अभ्यास सोडू नकोस म्हणाले."

बाबा हसले. वर्षात पहिल्यांदा हसले, आणि ते हसू तुम्ही पाहायला हवे होते असे मला वाटले, प्रेमाने नव्हे.

तुमची पुतणी


६ ऑक्टोबर

काका,

काकूंचा फोन आला. तुम्ही शेजारी बसला होतात. तुमचा खोकला मला ओळखता येतो.

"काय गं, काकांच्या जिवावर उठलीस का?"

"नाही, काकू."

"मग हे काय मांडलंयस? तुला खांद्यावर घेऊन हिंडवलं त्या माणसानं. तुझी पुस्तकं त्यांनी आणली. आठवतंय का?"

"आठवतंय."

"मग ऐक. इथे त्यांच्या संस्थेत जागा आहे तुझ्यासाठी. शिष्यवृत्तीसकट. ते स्वतः म्हणाले. तू फक्त एवढंच लिही, की यंत्राच्या मर्यादेमुळे आकड्यात फरक आला. यंत्राला काय गं, त्याचं लग्न थोडंच मोडणार आहे? तुझे बाबाही सुटतील, हेही सुटतील. सगळ्यांचं भलं."

मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. समोरचा माणूस आवाज चढवून बोलू लागला की माझ्या तोंडून "बरं" निघते. तो होकार नसतो. हे पत्र हेच त्या "बरं"चे खरे उत्तर आहे असे समजावे. यंत्रात मर्यादा नव्हती. साऱ्या प्रकरणात खरे बोलला तो एकटा यंत्राचा खुळा कप. त्याच्यावर दोष लिहून मी तुमच्या संस्थेत येऊ? मग तिथे बसून काय मोजू?

पुस्तकांविषयी मात्र काकूंचे खरे आहे. ती तुम्हीच आणलीत. मी शाळेत पहिली आले की बाबा जनावरांना जास्तीची पेंड घालत, आणि तुम्ही पुस्तक आणत. दोघांनाही आनंद दाखवण्याची तेवढीच रीत माहीत होती. म्हणूनच हे लिहिणे अवघड जाते, आणि म्हणूनच थांबत नाही.

आज शेवटची नळी भट्टीत ठेवली. प्रमुख बाईंनी तोंडाशी उभे राहून विचारले, "तुला कुठला आकडा हवाय?"

मी भट्टीची तबकडी पुन्हा तपासू लागले.

"चारच्या खालचा. कपाळावर लिहिलंय तुझ्या. म्हणूनच सांगते. निवायला ठेवलेली भट्टी कुणी उघडायची नाही. तू नाही, मी नाही, तुझे वडील येऊन दारात बसले तरी नाही."

आणि त्यांनी दाराच्या कडीला आपल्या ओढणीची गाठ मारली. मला कुलपापेक्षा त्या गाठीची जास्त भीती वाटली.

नळी तीच आहे, तुम्ही भरलेली. आतले तांबे आणि चुना तेच. ती पुन्हा तापेल आणि या वेळी भट्टीबरोबर, भट्टीच्या वेळेने निवेल. त्या दिवसाचे पाणी आता जगात दुसरीकडे कुठेही नाही. मोजताना हात चुकला तर ना तुमचे खरे ठरेल ना बाबांचे.

बाईंना मी खरे उत्तर दिले नाही, ते तुम्हाला देते. होय, मला चारच्या खालचा आकडा हवा आहे. मला तो इतका हवा आहे की स्वतःची धास्ती वाटते. 'वडिलांवरची माया आणि मोजमाप' असे तुम्ही लिहिले होते. ते वाक्य बरोबर आहे. ते लिहिण्याचा अधिकार तुम्हाला नव्हता, एवढेच.

तुमची पुतणी


१७ नोव्हेंबर

काका,

हे पत्र टपालाने नव्हे, ईमेलने पाठवते आहे. कारण शेवटी कळेल.

आकडा सहा आला.

नळी निवली, मोडली, मोजली. प्रमुख बाई शेजारी होत्या. बाराला सरळ रेषा. खुळा गप्प, सिलिंडरच्या शुद्ध नायट्रोजनला जेवढा बरळतो तेवढाच. तोतया गेला आणि त्याच्याबरोबर तुमच्या तेरातले सातही गेले. उरले सहा.

सहा म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पण प्रतीसाठी सांगते. शेण म्हणायला सहा कमी आहेत, खत म्हणायला जास्त. नुसती जमीनही सहा देते. थोडे शेण आणि थोडे खत मिसळले तरी सहा मिळतात. सहावरून गोठा दोषी ठरत नाही. सहावरून गोठा निर्दोषही ठरत नाही.

मी त्या खोलीत रडले. बाईंनी न पाहिल्यासारखे केले आणि कागद फाइलला लावत म्हणाल्या, "चारचा आला असता तर मी दहा शंका काढल्या असत्या. सहाचा आलाय म्हणून विश्वास ठेवते. कारण हा तुला नको होता." सांत्वन करण्याची त्यांची ही पद्धत असावी.

बाबांना सांगणे त्याहून अवघड गेले. ते सुनावणीचा सदरा इस्त्री करत होते.

"निर्दोष लिहिलंस?"

"नाही, बाबा. गोठ्यातून आलं असं म्हणता येत नाही, असं लिहिलंय."

"म्हणजे गोठ्यातून नाही आलं."

"तसंही म्हणता येत नाही."

इस्त्री उभी ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मग म्हणता काय येतं?"

"माहीत नाही, असं म्हणता येतं. आणि जनावरं जाऊनही विहिरीतलं नायट्रेट उतरलेलं नाही, तेव्हा गोदामाकडची जमीन, मैलापाण्याचे नळ, सगळंच नव्याने तपासा, असं म्हणता येतं. न उतरणं हाही पुरावा नाही, जमिनीतलं पाणी फार सावकाश बदलतं. तेही लिहिलंय."

"एवढं शिकलीस आणि माहीत नाही?" ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोपे होते. "तो निदान ठाम बोलला. भाऊ असून ठाम बोलला. तू माझी मुलगी असून तेवढंही नाही."

हे वाक्य मी तुमच्यासाठी येथे लिहिते आहे, काका. तुमच्या ठाम बोलण्याने केवढे काम केले आहे ते पाहा. ज्याच्या गळ्याला फास बसला, तोसुद्धा तुमच्या ठामपणाचे कौतुक करतो आणि खरे बोलणाऱ्याला भित्रा म्हणतो. आणि बाळाच्या आईला वर्षभर वाटत राहिले की चोर सापडला आहे, म्हणून विहिरीत दुसरे काय शिरते ते कुणी पाहिलेच नाही. तुमच्या तेराने फक्त बाबांचा गोठा बंद केला नाही. शोधही बंद केला.

आज सकाळी बाबा सदरा घालून माझ्या दारात आले. मी तयार होत होते.

"ते माहीत नाही कसं लिहिलंयस, वाच बघू."

मी वाचले. पूर्ण अहवाल वाचला: तुमचे तेरा, माझे सहा, बाराची टेकडी, खुळ्याचा आकडा, विटेवरच्या नळ्या, मामांनी अडवले ते, आणि एकाच नळीवरच्या मापाला किती मर्यादा आहे तेही. मी या घरची मुलगी आहे, हे पहिल्याच ओळीत. बाबांनी उभ्यानेच ऐकले.

"यात खोटं काही नाही ना?"

"नाही."

"त्याच्या अहवालात माझा भाऊ असं लिहिलं होतं का कुठं?"

"नाही. ते वर्तमानपत्राने लिहिलं."

त्यांनी मनगटाची गुंडी लावली. "बरं," ते म्हणाले. आमच्या घरात "बरं" कुठून येते ते तेव्हा मला कळले. मग चपला घालून अंगणात जाऊन उभे राहिले. माझी वाट पाहत अजून उभे आहेत.

आता तुमच्याविषयी. अहवालात मी तुमच्या हेतूबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही, कारण तो मोजता येत नाही. तीसचा आकडा तुम्ही पाहिला होता का, हे मी ऑगस्टमध्येच विचारले. तुम्ही उत्तर दिले नाही. अहवालात मी तेवढेच लिहिले आहे: विचारले, उत्तर आले नाही. तुमच्या संस्थेतली जागा मला नको आहे. जिन्यातल्या फळ्यावरचे कात्रण मी काढलेले नाही. त्याच्या शेजारी बाराच्या टेकडीचा कागद टोचला आहे, तोही चारही टाचण्यांनी.

बाबांना तुमचा अहवाल कळला तो एका गिऱ्हाइकाच्या दारात, दुधाचा कॅन हातात असताना, दुसऱ्याच्या हातातल्या वर्तमानपत्रातून. तुम्हाला माझा अहवाल माझ्याकडून कळतो आहे, सोबत जोडला आहे, आणि वर्तमानपत्राच्या आधी कळतो आहे. तुम्ही मला शिकवलेल्या सगळ्या गोष्टींत ही नव्हती. ही मला स्वतःलाच शिकावी लागली.

सुनावणी साडेअकराला आहे. मी तिथे उभी राहून हे मोठ्याने वाचणार आहे. माझा आवाज कसा निघेल ते मला माहीत नाही. त्याआधी 'माझे मोजमाप चुकले होते' एवढे तुम्ही स्वतः नगरपालिकेला कळवलेत, तर मी तुमचे वाक्य आधी वाचीन आणि माझा अहवाल नंतर. भट्टी निवायला एवढा वेळ पुरत नाही. एक ओळ लिहायला पुरतो.

तुमची पुतणी,
वाळवी

पाठवले: सोमवार, १७ नोव्हेंबर, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे